कारवी वाळली, कळलावी उगवलीच नाही

वाचकांचे प्रश्न : रानातल्या बहुवर्षायू वनस्पती

या वेळच्या पत्रांत झाडं वेगवेगळी असली तरी तक्रार बहुतेक एकच आहे. गेल्या वर्षी झाड एक वागलं, या वर्षी दुसरंच. बहुवर्षायू वनस्पतीचा या वर्षीचा कारभार दोन गोष्टींवर चालतो : मागच्या हंगामात जमिनीखाली किती साठा झाला, आणि यंदा ओल, ऊन, दिवसाची लांबी यांचा इशारा तिला कधी मिळाला. आपल्या भागात दुसरी गोष्ट गावागणिक बदलते. बेळगाव शहरात वर्षाला साधारण १३०० मि.मी. पाऊस पडतो, कणकुंबीच्या घाटमाथ्यावर त्याच्या दुपटीहून कितीतरी अधिक, तर अथणीकडे ६०० मि.मी.च्या आत. म्हणून पुढच्या उत्तरांतल्या तारखा आपल्या शिवारानुसार आठ-पंधरा दिवस मागेपुढे धराव्यात.

प्रश्न : आमच्या गावामागच्या उतारावरची कारवी गेल्या पावसाळ्यात निळ्या-जांभळ्या फुलांनी भरली होती. दिवाळीनंतर सगळी एकजात वाळली. रोग पडला का? वाळलेली काढून जाळून टाकावी का? – जांबोटी (ता. खानापूर)

रोग नाही. कारवी सात वर्षं नुसती पानाफांद्यांवर काढते, साधारण आठव्या वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. एका उतारावरची झुडपं एकाच पावसाळ्यात उगवलेली असतात, म्हणून फुलतात एकत्र आणि वाळतातही एकत्र. सगळ्याच डोंगरांचं वर्ष मात्र एक नसतं. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली कारवी २०१६ मध्ये आणि मग २०२४ मध्ये फुलली. तुमच्या उताराचा हिशेब त्याच्याशी जुळेलच असं नाही. तो गावातल्या जुन्या माणसांना विचारून मांडावा.

एकदम फुलण्यात झाडाचा फायदा काय, तर बी वाचतं. कारवीच्या बियांवर किडे, उंदीर, पाखरं टपलेली असतात. दरवर्षी थोडंथोडं बी आलं असतं तर त्यांनी ते सगळं फस्त केलं असतं. सात वर्षं उपाशी ठेवून आठव्या वर्षी एकदम ढिगानं बी टाकलं की खाणाऱ्यांची पोटं भरूनही भरपूर उरतं. शिवाय एवढी फुलं एकत्र म्हटल्यावर आग्या मोहोळ आणि सातेरी माश्या तिथेच ठाण मांडतात आणि परागीभवन नीट होतं. वेळ चुकवून एखाद-दुसरं झुडूप आधी फुलतंच. त्याच्या वाट्याला माश्या कमी येतात, आणि जे काही बी धरतं त्यातलं बरंचसं किड्यांच्या तोंडी जातं.

आता जाळण्याबद्दल. हे मुळीच करू नका. फुलं गेल्यावर बी लगेच जमिनीवर पडत नाही. बोंडं वाळलेल्या झुडपावरच उन्हाळा काढतात आणि पुढच्या पावसाळ्याच्या पहिल्या सरींत तडतडून फुटतात. म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये उतार पेटला तर आठ वर्षांची सगळी पुंजी अजून काडीवरच असते आणि तिथेच राख होते. पुढची पिढी येण्यासाठी जमिनीत दुसरा साठा फारसा नसतो. अशा जळक्या उतारावर रानमोडी नाही तर घाणेरी घुसते आणि पावसाचं पाणी माती घेऊन खाली उतरतं.

कुडासाठी किंवा वेलींच्या मांडवासाठी काठ्या हव्या असतील तर तोड जरूर करा, पण अशी : झुडूप बोंडांच्या खालून तोडावं, बोंडांचे शेंडे त्याच जागी उतारावर आडवे पसरावेत, खालची काठी न्यावी. एकगठ्ठा तोड न करता पट्टे सोडावेत, पट्टा उताराला आडवा असावा. शेंडे ढीग करून टाकले तर ढिगाखाली रोपं एकमेकांत कुजतात आणि बाकीची जमीन उघडी राहते.

उघड्या पडलेल्या बांधावर कारवी लावायची असेल तर रोहिणी निघण्याआधी, मेच्या तिसऱ्या आठवड्यात, वाळके शेंडे तागाच्या पोत्यात भरून आणावेत. कापडावर पसरून पाणी शिंपडावं आणि वरून दुसरं कापड टाकावं, नाही तर बी फुटून अंगणभर उडतं. जमलेलं बी चाळलेल्या मातीत मिसळून मृगाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर वरवर पेरावं. वर अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त माती नको. पहिली दोन वर्षं शेळ्या आत येऊ देऊ नयेत. भीमगड अभयारण्याच्या हद्दीतून मात्र बी किंवा काठी काहीच आणता येत नाही, वन्यजीव कायदा आड येतो.

प्रश्न : कुंपणावर कळलावी होती. गेल्या वर्षी घर बांधताना ती उकरून परसात लावली. यंदा श्रावण आला तरी कोंब नाही. – वडगाव, बेळगाव

कळलावीचा कंद बोटाएवढा जाड, व्ही किंवा नांगराच्या आकाराचा असतो. बटाट्यासारखे त्यावर जागोजाग डोळे नसतात. प्रत्येक हाताच्या अगदी टोकाला एकच कोंब असतो. उकरताना टोक मोडलं की तो हात संपला, बाकीचा कंद कितीही गुबगुबीत दिसो. तुमच्या बाबतीत बहुधा हेच झालं असावं. टिकाव-फावड्यानं काढलेल्या कंदांत टोकं हमखास मोडतात. दीड वीत लांबून माती मोकळी करत हातानं काढायला हवं.

दुसरी शक्यता कुजण्याची. पानं पिवळी पडल्यापासून, म्हणजे साधारण कार्तिकापासून, ती वळवाच्या पावसापर्यंत कंद झोपलेला असतो. परसातल्या इतर झाडांबरोबर त्याला रोज पाणी मिळालं तर तो सडतो. तिसरी शक्यता चांगली आहे : कळलावी दरवर्षी जुना कंद संपवून त्याच्या टोकांशी नवे कंद तयार करते. त्यामुळे कोंब मूळ जागेपासून वीतभर, कधी त्याहून दूर निघतो. दोन्ही हात शाबूत असतील तर दोन वेगळे वेल येतात. म्हणून आजूबाजूची जागा आधी नीट पाहा आणि खुरपं तिथे चालवू नका.

पुन्हा लावताना कंद आडवा ठेवावा, टोक कोणत्याही दाबाखाली येऊ नये, वर आठ-दहा सेंटिमीटर माती असावी. चिकट काळी माती असेल तर तिसरा हिस्सा वाळू किंवा बारीक मुरूम मिसळावा. वेल पानांच्या टोकांनी आधार पकडतो, तेव्हा बारीक काड्यांचं झाप द्यावं. जाड खांबाला पानाचं टोक वेढा घालू शकत नाही. फुलं येण्यासाठी कंद चांगला भरलेला लागतो. लागवड करणारे साधारण ५० ते ६० ग्रॅमचा कंद निवडतात. त्याहून लहान कंद वेल देईल, फूल देईलच असं नाही. बियांपासून तर फुलापर्यंत तीन-चार वर्षं जातात आणि बी सगळं एकाच वर्षी रुजत नाही.

फुलं येऊनही शेंगा धरत नाहीत असंही एका वाचकांनी विचारलं आहे. फुलातला स्त्रीकेसर मुळाशीच काटकोनात बाहेर वळलेला असतो, पुंकेसरांपासून लांब. स्वतःचा पराग स्वतःला लागू नये अशी ती रचना आहे. मोठी फुलपाखरं आणि शिंजीर पंख घासत गेले तरच काम होतं. एकटा वेल असेल तर सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान, दुसरीकडच्या वेलावरच्या फुलाचा पराग आणून मऊ ब्रशनं वळलेल्या दांड्याच्या तीन फाटे फुटलेल्या टोकावर लावावा.

एक गोष्ट ठळकपणे. या वेलाचा प्रत्येक भाग विषारी आहे, कंद आणि बी सर्वांत जास्त. कंद रताळं किंवा कणगर समजून शिजवून खाल्ल्यानं माणसं दगावली आहेत. शिजवूनही विष जात नाही. खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी उलट्या-जुलाबांची वाट न पाहता दवाखाना गाठावा आणि कंदाचा तुकडा बरोबर न्यावा. मुलं खेळतात त्या अंगणात कळलावी लावूच नये असं आमचं मत आहे.

प्रश्न : चोर्ला घाटात जून-जुलैत पांढऱ्या फण्याचा सापकांदा दिसतो. आम्ही खुणेनं लक्षात ठेवलेल्या एका झाडाला परवाच्या वर्षी लाल दाण्यांचं कणीस होतं, गेल्या वर्षी तेच झाड फुललं पण दाणा एक नाही. परागीभवन झालं नाही का? – खानापूर

परागीभवनाचा प्रश्न नसावा. गेल्या वर्षी ते झाड नर होतं.

सापकांद्यात लिंग कायमचं ठरलेलं नसतं. कंद लहान असेल तर झाड फक्त पान काढतं. थोडा भरला की नर कणीस काढतं, कारण पराग करायला खर्च कमी. चांगला मोठा झाला की मादी. मादी झाडाला कणीसभर फळं पोसावी लागतात. त्यात कंद झिजतो, आणि पुढच्या वर्षी तेच झाड पुन्हा नर होतं किंवा फुलतच नाही. पानं अर्धवट असताना गुरांनी खाल्ली, मध्येच पंधरा दिवस उघडीप पडली, वरचं झाड पडून ऊन एकदम वाढलं, तरी हाच परिणाम दिसतो. उलट बरी सावली, पानगळीचं खत आणि लांबलेला पाऊस मिळाला की नर झाड मादी होतं.

ओळखायचं कसं? फणा हळूच वाकवून बुडाशी पाहा. नर फण्याच्या बुडाशी दोन कडांमध्ये बारीक फट असते. आत उतरलेलं बुरशीवरचं चिलट अंगाला पराग माखून त्या फटीतून निसटतं. मादी फण्याला ही वाट नसते. चिलट आतच फिरत राहतं, पराग दाण्यांना लागतो आणि किडा तिथेच मरतो. जुलैच्या शेवटी मादी फण्याच्या तळाशी मेलेली चिलटं सापडतात. रानातल्या सगळ्याच कारभारांत माश्यांना मोबदला मिळतो असं नाही, हे त्याचं सरळ उदाहरण.

नोंद ठेवायची असेल तर झाडाशेजारी नंबर घातलेली बांबूची खुंटी ठोका आणि वर्षातून दोनदाच पाहा. जुलैमध्ये पूर्ण उघडलेल्या पानाची रुंदी सेंटिमीटरमध्ये आणि नर-मादी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दाणे किती. तीन-चार वर्षांत मोठं पान आणि मादी कणीस यांची सांगड तुम्हालाच दिसेल. कंद उकरून वजन करू नये, मुळं तुटल्यानं पुढच्या वर्षीचा आकडा खोटा पडतो. दाण्यांचा गर हाताला लागला तर चांगलीच खाज सुटते. हातमोजे घाला आणि ते दाणे चाखून पाहू नका.

प्रश्न : गायरानात दरवर्षी उन्हाळ्यात वणवा लावतात, म्हणजे पावसाळ्यात कोवळं गवत येतं. पण दहा-बारा वर्षांत कुसळीच वाढली, मेंढ्यांच्या अंगात कुसळं घुसतात. पवन्या, मारवेल ही गवतं जवळपास गेली. काय करावं? – हुक्केरी तालुका

कुसळी वाढवण्याचा याहून सोपा मार्ग नाही, म्हणून ती वाढली. कुसळीच्या दाण्याला खाली टोकदार, मागे वळलेल्या केसांची सुई आणि वर लांब पिळदार शेपटी असते. दव पडलं की पीळ उलगडतो, ऊन आलं की पुन्हा बसतो, आणि या फिरण्यानं दाणा दररोज थोडाथोडा मातीत घुसतो. मागे वळलेले केस त्याला बाहेर येऊ देत नाहीत. मेंढीच्या कातड्यातही तेच होतं. गवताचा वणवा वेगानं निघून जातो, त्याची धग एक-दोन सेंटिमीटरच्या खाली फारशी पोहोचत नाही. कुसळीचा दाणा तोवर खाली सुरक्षित असतो. ताजं बी सहा महिने ते वर्षभर रुजतच नाही, त्यामुळे अवेळी पडलेल्या वळवानं सगळं बी एकदम वाया जात नाही. वर वणव्यानं जुनं गवत काढून टाकलं की तिच्या रोपांना ऊन मोकळं. मारवेल आणि पवन्या मात्र गुरांना आवडतात. वणव्यानंतर फुटलेला त्यांचा कोवळा कोंब पहिल्यांदा खाल्ला जातो, मुळाशी साठा उरत नाही आणि ठोंब बारीक होत होत मरतो.

पहिला उपाय कापणीच्या वेळेचा. कुसळी फुलोऱ्यावर येऊ लागताच, शेपट्या कडक व्हायच्या आत, म्हणजे साधारण उत्तरा नक्षत्रात कापून घ्यावी. त्या वेळी वैरणही बरी होते आणि दाणा जमिनीत जात नाही. हस्तापर्यंत थांबलात तर पेंढी नुसती काड्यांची होते आणि बी पडून जातं. जमिनीपासून दहा-पंधरा सेंटिमीटर उंची सोडून कापा. खोडाच्या बुडाशी पुढच्या फुटव्याचे डोळे असतात. ही कापणी सलग तीन वर्षं चुकवायची नाही. एक वर्ष चुकलं की मातीतला साठा पुन्हा भरतो.

दुसरा उपाय, गायरानाचे चार तुकडे पाडून दरवर्षी एकाला पूर्ण विश्रांती. मृगापासून दसऱ्यापर्यंत त्यात जनावर सोडायचं नाही, तिथली पवन्या-मारवेल बी टाकून झाल्यावरच कापायची. यात तंटा होतो हे आम्हाला ठाऊक आहे. ग्रामपंचायतीत आधी ठराव करून तुकड्यांची हद्द चुन्यानं आखली की कमी होतो.

मारवेल पुन्हा आणायची असेल तर बियांपेक्षा ठोंबांवर भर द्या. एखाद्या बांधावर किंवा विहिरीकाठी तगून राहिलेला जोमदार ठोंब काढून त्याचे मुळांसकट दोन-तीन काड्यांचे जुडगे करावेत, पानं वीतभर ठेवून छाटावीत, आणि जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत ४५ बाय ३० सेंटिमीटरवर लावावेत. ठोंब उन्हात तासभर उघडे राहिले तरी मर जास्त होते, ओल्या पोत्यात गुंडाळून न्या. बी पेरायचं झालं तर ते लवदार असतं, वाऱ्यावर उडतं. बारीक ओल्या माती-शेणात चोळून पेरा, खोल नको.

ठोंब निवडताना चोखंदळ राहण्याचं कारण असं : मारवेल आणि कुसळी, दोन्ही गवतं बरंचसं बी फलनाशिवाय धरतात. अशा बियांतून आलेलं रोप म्हणजे आईचीच नक्कल. चांगला ठोंब मिळाला तर त्याचं बी चांगलंच निघतं. आणि मरतुकड्या ठोंबाचं बी गोणीभर पेरलं तरी वाण सुधारत नाही.

प्रश्न : माणगा बांबूच्या एका बेटात दोन-तीन काठ्यांना फुलोरा आलाय. मेस फुलली की बेट मरतं, दुष्काळ पडतो म्हणतात. सगळी तोडून विकावी का? – चंदगड-बेळगाव रस्त्यावरचं एक गाव

मेस आणि माणगा या दोन बांबूंची फुलण्याची रीत वेगळी आहे. मेस २५ ते ४५ वर्षांनी मोठ्या पट्ट्यात एकदम फुलते, बी देते आणि बेट मरतं. बांबूचं बी ढिगानं पडल्यावर उंदीर माजतात, बी संपलं की ते शेतात-कणगीत शिरतात. दुष्काळाच्या समजुतीत एवढं तथ्य आहे. माणगा (कर्नाटकात त्यालाच मारीहाळ बांबू म्हणतात) अधूनमधून, विखुरलेला फुलतो आणि त्याला बी क्वचितच धरतं. दोन-तीन काठ्या फुलल्या म्हणून बेट विकायला काढू नका. त्या काठ्यांवर फीत बांधा, पक्व असतील तर काढा, बाकीच्यांवर पुढचे दोन हंगाम लक्ष ठेवा. नवे कोंब येत असतील तर बेट ठीक आहे.

मात्र या बेटातून नवीन लागवडीसाठी गड्डे घेऊ नका. गड्ड्यापासून आलेलं बेट नवं दिसलं तरी त्याचं वय आईएवढंच धरायचं, आणि आईला फुलायची वेळ आली असेल तर त्यालाही आलेली असते. न फुललेल्या बेटाच्या कडेची एक वर्षाची काठी निवडा, जमिनीपासून मीटरभर ठेवून तोडा, खालचा गड्डा मुळांसकट करवतीनं वेगळा करा. कुऱ्हाडीनं घाव घातला तर डोळे चिरतात. मृगात चार-पाच मीटर अंतरावर लावा, वरचं तोंड शेण-मातीनं बंद करा.

मेसचं बी कोणाला मिळालं तर ते ठेवून देऊ नये, वर्षभरात त्याची उगवण फार घटते. किलोत सुमारे तीस हजार दाणे येतात, तेव्हा मूठभर बीही गावाला पुरतं.

प्रश्न : वळवानंतर लगेच माळावर पानाशिवाय नुसतं फूल कसं येतं? – बैलहोंगल

कोळकांदा, शेवळ यांचा मोहोर कंदातल्या साठ्यावर येतो, पानांच्या कमाईवर नाही. जमीन अजून उघडी असते, गवत वाढलेलं नसतं, त्यामुळे फूल किंवा त्याचा वास किड्यांपर्यंत पोहोचतो. शिवाय बी पावसाळ्यातच पिकलं की त्याच ओलीवर रुजायला मोकळं. पान मागून येतं आणि पुढच्या वर्षीचा साठा भरतं. म्हणून शेवळ खुडली तर एक वर्षाचं बी जातं, पण मागून येणारं पान कापलं तर कंदच खंगतो. भाजीसाठी खुडताना चार कोंबांतला एक सोडावा आणि पानाला हात लावू नये.

प्रश्न : कुंपणावरच्या कडू कारांद्याच्या वेलाला पानांच्या बगलेत कांदे लागतात, बी कधीच नाही. ते लावले तर येतील का? – नंदगड

येतील. कारांद्यात नर वेल वेगळा, मादी वेगळा; जवळ जोडीदार नसेल तर बी धरत नाही, आणि बगलेतला कांदा ते काम भागवतो. दिवस लहान होऊ लागले, भाद्रपद-आश्विनात, की ते भरतात आणि पान गळताना आपोआप पडतात. पडलेलेच वेचा, हिरवे तोडलेले सुकतात. सावलीत कोरड्या राखेत ठेवा, वळवानंतर कोंब दिसला की कोंब वर करून पाच सेंटिमीटर खोल लावा. एका कांद्याचे सगळे वेल एकाच लिंगाचे होतील. बी हवं असेल तर दुसऱ्या गावाहून दुसरा वेल आणावा लागेल. खाण्यासाठी मात्र घरात पिढ्यान्‌पिढ्या लावलेला गोडा वाणच वापरा. रानातला कडू कारांदा विषारी असतो, आणि नुसत्या एका उकळीनं तो खाण्याजोगा होत नाही.